समोरच्या काचेवरचा चीक

दिवाळी अंकासाठी संपादकांचा निरोप आला, की मी दरवर्षी एखादा भारदस्त विषय मनाशी योजतो आणि दरवर्षी भलत्याच विषयावर लिहून मोकळा होतो. यंदा मी ‘मराठीतील समानार्थी शब्दांमधील सूक्ष्म भेद’ हा विषय पक्का केला होता. टिपणेही काढली होती. आणि प्रत्यक्ष लिहायला बसलो तो मोटारीच्या काचेवर वाळलेल्या चिकाबद्दल! नेहमीचे वाचक म्हणतील, गाडी पुन्हा रुळावरून घसरली. परंतु शेवटपर्यंत वाचाल, तर हे दोन्ही विषय एकच आहेत असे तुमच्या ध्यानात येईल. निदान माझ्या बाबतीत ते एकच निघाले, आणि त्याची किंमतही मला मोजावी लागली.

माझी मोटार लहान आहे, जुनी आहे आणि सेकंडहँड आहे. २०२१ साली मी ती घेतली, तेव्हा आमची सौ. म्हणाली होती, “अहो, मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल अशीच आहे. आवाज फार, वेग बेताचा.” आम्ही राहतो ती पुण्यातली चार मजली इमारत एका जुन्या बंगल्याच्या जागी उभी आहे. बंगला गेला, विहीर बुजली, पण मागच्या कुंपणाशी असलेला रायवळ आंबा तेवढा राहिला. मोटारींच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या, तेव्हा नेमकी त्या आंब्याखालची जागा माझ्या नावाने निघाली. शेजाऱ्यांनी अभिनंदन केले. “सर, भर मे महिन्यात तुमची गाडी सावलीत!” मीही हुरळून गेलो. झाडाखाली सावली असते हे सगळेच जाणतात. झाडावर आणखी काय काय असते, याचा विचार कोण करतो?

२०२४ च्या जानेवारीत आंबा मोहरला आणि माझे ग्रह फिरले. सकाळी खाली उतरून पाहावे तो समोरच्या काचेवर खसखशीएवढे असंख्य ठिपके! बोट लावले तर चिकट. दुपारपर्यंत ते उन्हाने वाळत, त्यांवर रस्त्याची धूळ बसे, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या काचेवर जणू कोणी पिवळट वॉर्निशाचा हात फिरवला आहे असे दिसू लागे.

“झाडाचा चीक!” मी निदान केले. एम. ए.ला भाषाविज्ञान घेतलेल्या माणसाला निदान करायला वेळ लागत नाही.

मराठी माणसाला अडचण सांगावी, म्हणजे उपायांना तोटा राहत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर नाना म्हणाले, “वर्तमानपत्र ओले करून घासा.” घासले. अग्रलेखाची शाई काचेला लागली, चीक होता तेथेच राहिला. आमचे चेअरमनसाहेब म्हणाले, “रॉकेल.” ते आता कोठे सहज मिळते? तरी कोठून तरी बाटलीभर मिळवले. काचेवर इंद्रधनुष्य उमटले आणि दोन दिवस गाडीत रॉकेलचा वास राहिला. मग मला माझ्या कोकणातल्या लहानपणाची आठवण झाली. फणस फोडताना आई हाताला आणि विळीला खोबरेल तेल चोळत असे. चिकावर उतारा तेलाचा! मी मोठ्या विद्वत्तेने काचेला तेल चोळले. त्यानंतर काच कशी दिसत होती, हे ज्याने तेलकट चष्म्यातून जग पाहिले आहे त्याला सांगायला नको.

शेवटी एका रविवारी मी चिडलो, आणि मोरीतली तारेची घासणी घेऊन त्या कोरड्या, धुळीने भरलेल्या काचेवर तुटून पडलो. चीक थोडाफार निघाला खरा. पण चालकाच्या डोळ्यांसमोरच काचेवर एक अर्धवर्तुळाकार रेघ उमटली, आणि तिच्या आजूबाजूला बारीक बारीक ओरखडे. पुढे चौकशी करता असे कळले, की अपराध तारेपेक्षा तारेखाली सापडलेल्या धुळीचा होता. रस्त्याच्या धुळीत वाळूचे म्हणजे गारगोटीचे बारीक कण असतात, आणि ते काचेहून कठीण असतात. मी घासणी फिरवत नव्हतो. काचेवर वाळू दळत होतो.

इथपर्यंतची हकीकत विनोदी आहे. पुढची नाही.

त्या सोमवारी माझा पहिला तास सात पन्नासचा होता. कॉलेजचा रस्ता बराचसा सरळ पूर्वेकडे जातो. जानेवारीतला सूर्य नुकताच उगवून रस्त्याच्या टोकाशी, अगदी डोळ्यांच्या रेषेत आलेला. एरवी काचेवरचा डाग म्हणजे नुसता डाग असतो. परंतु समोरून तिरपे ऊन आले, की त्या डागाचा प्रत्येक कण स्वतःच एक दिवा होतो. मला पुढचे अंधुक दिसू लागले म्हणून मी पाण्याचा फवारा सोडून वायपर चालू केला. तेल, रॉकेल, चीक आणि धूळ यांचे वायपरने क्षणात कालवण केले, आणि सारी काच दुधासारखी पांढरी झाली.

मी ब्रेक दाबला. का दाबला, ते मला आजही सांगता येत नाही. काही दिसले म्हणून नव्हे, काहीच दिसेना म्हणून. गाडी थांबली आणि खिडकीतून डोके बाहेर काढून पाहतो, तर बंपरपासून हातभर अंतरावर सायकलवरची एक शाळकरी मुलगी. तिने सायकल आडवी टाकली होती, डबा रस्त्यावर पडला होता, पोळी उघड्यावर आली होती. दहा-अकरा वर्षांची असेल. रडली नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, “काका, दिसत नाही का?”

वाचकहो, हा प्रश्न रस्त्यावर रोज शंभरदा विचारला जातो आणि त्याला कोणी उत्तर देत नाही. मला त्याचे उत्तर माहीत होते. खरोखरच दिसत नव्हते. मी तिचा डबा उचलून दिला, पुन्हा पुन्हा क्षमा मागितली, गाडी कडेला लावली आणि उरलेली वाट रिक्षाने गेलो. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवले, ते मला आठवत नाही.

संध्याकाळी मी चेअरमनसाहेबांकडे गेलो, तो निश्चय करूनच. त्यांच्या मनात ते झाड तोडावे असे आधीपासून होतेच. पाला पडतो, मुले दगड मारतात, फांद्या तारांना लागतात. शहरातले झाड असे उठून तोडता येत नाही. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि परवानगीसाठी सबळ कारण लागते. ते सबळ कारण आता माझ्या रूपाने चालत आले होते. “सर, अर्ज तुम्हीच लिहा,” ते म्हणाले, “तुमची मराठी चांगली.”

मी लिहिला. ‘सदर वृक्षातून अहोरात्र स्रवणाऱ्या चिकामुळे वाहनांच्या काचा अपारदर्शक होऊन रहिवाशांच्या व पादचाऱ्यांच्या जीवितास धोका निर्माण झाला असल्याने’ असे एक वाक्य त्यात होते. ते मला फार आवडले. आमच्या बावीस बिऱ्हाडांच्या सह्या घेण्यासाठी अर्ज वॉचमनमामांच्या हाती दिला.

आमचे वॉचमनमामा सोलापूरकडचे. साठीच्या आसपासचे, अबोल. गावी थोडी जिराईत जमीन आहे, ती भाऊ कसतो. अर्ज हातात घेऊन त्यांनी तो जिन्यापाशी उभ्याउभ्याच वाचला, आणि परत माझ्याकडे आले.

“सर, ह्यात चीक लिवलंय.”

“बरोबर आहे मामा. चीकच आहे तो.”

“चीक न्हवं सर. चिकटा हाय ह्यो. आमच्याकडं शाळूवर पडतो असा.”

मी हसलो. ते हसणे आता आठवले, की मान खाली जाते. मी त्यांना म्हणालो, “अहो मामा, चिकटा हे चीक याच शब्दाचे तुमच्याकडचे रूप. अर्थ एकच. अर्जात प्रमाण शब्द असलेला बरा.”

मामा क्षणभर थांबले. “आसंल सर,” म्हणाले, आणि सह्या घ्यायला वर गेले.

बावीसपैकी एकोणीस सह्या झाल्या. उरलेली तीन बिऱ्हाडे परगावी होती. ती परतली, की अर्ज जायचा होता.

मार्चमध्ये होळीच्या आधी आई कोकणातून आमच्याकडे आली. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, वय पंचाहत्तर, पाय दुखतात, पण डोळा आणि जीभ शाबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली झाडाखाली फिरत होती आणि मी नित्याप्रमाणे काच पुसत होतो. मी तिला सारी कथा ऐकवली, अर्जाचेही सांगितले. तिने काही न बोलता काचेवरून बोट फिरवले आणि सरळ जिभेला लावले.

“आई! अगं काय करतेस!”

“गोड आहे,” ती म्हणाली. “चीक कधी गोड लागतो होय रे? आंब्याचा चीक जिभेला लागला असता, तर आत्तापर्यंत तोंड भाजून निघालं असतं माझं. लहानपणी कैरी देठाशी चावून ओठाला फोड आणलास, ते विसरलास? आणि ह्या मुंग्या बघ. चिकाला मुंग्या लागतात?”

मुंग्या मी रोज पाहत होतो. मुलांनी बिस्किटे सांडली असतील, असे माझे मत होते.

मग तिने एक फांदी वाकवून मला दाखवली. पानांचा वरचा भाग पॉलिश केल्यासारखा चमकत होता. झाडातून पाझरलेला चीक पानाच्या वरच्या अंगाला असा एकसारखा कशाला पसरेल? काही पानांवर काजळी धरली होती. तिने मोहोराला धक्का दिला, तशी गव्हाच्या दाण्याहूनही लहान, पाचरीच्या आकाराच्या किड्यांची एक पलटणच टुणकन उडाली.

“तुडतुडे,” आई म्हणाली. “झाडाचा काय दोष ह्यात?”

मी खाली बसलो. झाडाखाली, मोटारीच्या कडेला, चक्क जमिनीवर. जी गोष्ट रत्नागिरीची बागायतदारीण जिभेने ओळखते आणि सोलापूरचा शेतकरी नुसत्या नजरेने ओळखतो, तिच्यावर मी शुद्ध मराठीत एक अर्ज लिहिला होता, आणि एका जिवंत झाडाच्या मृत्यूला एकोणीस सह्या मिळवल्या होत्या.

त्यानंतरचे चार दिवस मी शास्त्राच्या सहकाऱ्यांचे डोके खाण्यात घालवले. त्यांनी सांगितले ते असे. तुडतुडे, मावा हे किडे झाडाच्या कोवळ्या भागात सोंड खुपसून रस पितात. त्या रसात साखर पुष्कळ आणि प्रथिनांचे द्रव्य अगदी थोडे. पोटापुरती प्रथिने मिळवायला किड्याला भरमसाट रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर तो थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. तोच हा चिकटा. जमिनीवर पडला, की मुंग्यांचे फावते. पानावर राहिला, की त्यावर काळी बुरशी वाढते. आणि काचेवर पडला, की मराठीचा प्राध्यापक त्याला चीक म्हणतो.

तेव्हा कोठे मी माझी ती टिपणे पुन्हा काढली. समानार्थी शब्दांची. झाडापासून मिळणाऱ्या चिकट पदार्थांना मराठीत किती शब्द आहेत, आणि आपण ते किती बेफिकिरीने एकमेकांच्या जागी वापरतो, हे मला प्रथमच दिसले. शिवाय गंमत अशी, की प्रत्येक शब्दामागे तो पदार्थ कशाने निघतो, याचे ज्ञान घरोघर चालत आलेले आहे.

डिंक घ्या. बाभळीचा, धावड्याचा. खोडाला जखम झाली, की तो पाझरून वाळतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून तर शाळेत आपण त्याची बाटली करून कागद चिकटवले. राळ निराळी. ती पाण्याला दाद देत नाही. तिला स्पिरिट किंवा टर्पेंटाइन लागते, आणि ती भडकन पेटते. आमच्या दशावतारात राक्षस रंगमंचावर येताना मशालीवर राळ टाकून जो जाळ उठवत, तो पाहिलेल्याला ‘टीकेची राळ उडवणे’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. लाख तर झाडाची नव्हेच. ती किड्याने झाडावर केलेली. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांवरची लाखेची मोहोर मी कितीदा फोडली असेल. परंतु सुतार तीच चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश करतो, हे माझ्या कधी डोक्यात आले नव्हते.

आणि चीक? वडाचा, रुईचा, फणसाचा, आंब्याचा. ताजा असताना पातळ. वाळला, की पाण्याने हलत नाही. तेलाने मात्र सैल होतो. आंब्याचा चीक त्यातही जहाल. देठ मोडताच तो जोराने उडतो आणि कातडीला लागला तर भाजतो. फळावर ओघळला तर सालीवर काळा डाग पडतो, म्हणूनच कोकणात आंबा झेल्याने देठासकट उतरवतात. बिब्बा आणि काजू हे आंब्याच्याच कुळातले, हे कळल्यावर मला त्या चिकाच्या स्वभावाचे नवल वाटेनासे झाले. परटाने बिब्ब्याने घातलेली खूण कापड फाटले तरी जात नसे. भाऊबंदांत काही गुण सारखे असायचेच.

आता चिकटा. तो निव्वळ साखर. साखर कशाने विरघळते, हे सांगायला एम. ए. कशाला हवे? कोमट पाण्याने! मी मात्र साखरेवर तेल ओतले, रॉकेल ओतले, तारेने घासले. माझे उपाय चुकले नव्हते. ते दुसऱ्याच रोगावरचे होते.

ज्यांची मोटार झाडाखाली उभी असते, त्यांच्यासाठी माझ्या फजितीतून निघालेले चार शब्द येथे लिहून ठेवतो. गाडी प्रथम सावलीत घ्यावी. तापलेल्या काचेवर काहीही लावले, तरी ते पुसण्याआधीच वाळते. मग साध्या पाण्याने सारी धूळ वाहून जाऊ द्यावी. धूळ असेपर्यंत फडके लावायचे नाही, हा पहिला आणि शेवटचा नियम. नंतर जुना मऊ पंचा कोमट पाण्यात भिजवून डागांवर दहा मिनिटे नुसता पसरून ठेवावा. कोमट म्हणजे कोमटच. थंडीच्या सकाळी गार काचेवर कढत पाणी ओतले, तर काच तडकायची भीती असते. चिकटा असेल किंवा डिंक असेल, तर तो एवढ्यानेच सुटतो, आणि काम संपते.

नाही सुटला, तर तो चीक किंवा राळ समजावी. चिकाच्या थेंबावर खोबरेल तेलाचा बोळा थोडा वेळ ठेवावा. राळेसारखा कडक डाग असेल, तर औषधाच्या दुकानातले स्पिरिट कापसावर घेऊन ठेवावे. २०२० च्या साथीत आपण सर्वांनी हात धुण्यासाठी जे भरून ठेवले होते, त्यातले उरलेसुरले चालते. मात्र ते काचेपुरतेच, जाळापासून दूर. गाडीच्या रंगावर, रबरावर, प्लॅस्टिकवर ओघळू देऊ नये. तरीही एखादा हट्टी थेंब राहिलाच, तर साबणाच्या पाण्याने काच ओली ठेवून दाढीचे कोरे पाते जवळजवळ आडवे धरावे आणि एकाच दिशेने सरकवावे. पुढेमागे घासू नये. हे बाहेरच्या बाजूनेच. मागच्या काचेला आतून तापवायच्या तारा असतात, तेथे पात्याचे काम नाही. सरतेशेवटी साबणाने काच धुऊन तेलाचा लेशही ठेवू नये. आणि वायपरचे रबर ओल्या फडक्याने पुसायला विसरू नये; नाहीतर आपण धुतलेली काच तो पहिल्याच फेरीत पुन्हा माखतो.

या वायपरवरून आठवले. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. न्यूयॉर्कमध्ये हिमवर्षावात ट्रामच्या चालकाला पुढचे दिसावे म्हणून खिडकी उघडून बसावे लागते, हे पाहून त्यांना ती युक्ती सुचली, असे सांगतात. वायपरला जे रबर असते, ते मूळचे काय? रबराच्या झाडाचा चीक! त्यात गंधक घालून तापवले, की तो टिकाऊ होतो, ही युक्ती गुडइयरने १८३९ साली शोधली. म्हणजे काचेवरचा चीक पुसायला आपण चिकालाच कामाला लावतो. चिकाला नावे ठेवताना माणसाने एवढे तरी लक्षात ठेवावे.

पण मी अर्जाचे सांगत होतो.

सोसायटीची सभा मार्चअखेर भरली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की अर्जातला मुख्य शब्दच चुकला आहे, सबब माझी सही मी मागे घेतो. मग जी राळ उडाली, ती दशावतारातल्यापेक्षा कमी नव्हती. “मुलगी गाडीखाली येता येता वाचली म्हणून तुम्हीच सांगितलेत ना?” एकाने विचारले. रास्त प्रश्न होता. मी म्हणालो, “होय. पण तिला झाडाने धोक्यात घातले नव्हते. न पुसलेल्या काचेने, आणि तसल्या काचेमागे बसून गाडी हाकणाऱ्याने घातले होते.” हे वाक्य मी आधी तयार केलेले नव्हते, आणि अर्जातल्या वाक्यासारखे ते सुंदरही नव्हते. पण सभा थोडी शांत झाली. मग मी वॉचमनमामांना बोलवा म्हणालो. ते दारापाशीच उभे होते. चिकटा कशाने वाढतो, हे त्यांनी आणि माझ्या आईने मिळून सांगितले. दाट, कोंदट, ऊन न शिरणाऱ्या झाडावर तुडतुडे माजतात. आतल्या दाटीच्या फांद्या काढल्या, ऊन-वारा आत गेला, की ते कमी होतात.

चेअरमनसाहेब व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, “मग सर, अर्ज पुन्हा लिहा. झाड काढण्याचा नको, विरळणीचा लिहा.” मी लिहिला. त्यात ‘चिकटा’ हा शब्द घातला. एक शब्द बदलला आणि मागणीच बदलली. परवानगीला वेळ लागला, पण ती आली. फळे उतरल्यावर माहीतगार माणसाकडून फांद्या विरळ करून घेतल्या. २०२५ च्या मोहोरात चिकटा पडला, पण पूर्वीच्या मानाने पुष्कळच कमी. तेवढे दोन महिने मी गाडी धुऊन मगच काचेवर आईची जुनी सुती साडी पांघरतो. सौ. म्हणते, मोटारीला नातू असता तर त्याची दुलई झाली असती.

सभेनंतर मी मामांना गाठून म्हणालो, “मामा, तुमचा शब्द बरोबर होता. मी उगाच शहाणपणा केला.”

मामा म्हणाले, “त्यात काय सर. आमी बघितल्यालं हाय, तुमी न्हाई.”

यंदा अर्थविचाराच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर ‘चिकटा’ हा शब्द लिहिला आणि विचारले, हा कोणाला ठाऊक आहे? साठांपैकी सात हात वर आले. सातही जण खेड्यांतून आलेले, मागच्या बाकांवर बसणारे, वर्षभर तोंड न उघडणारे. त्या दिवशी त्यांनी तास घेतला आणि मी लिहून घेतले.

झाड उभे आहे. परवाच आईने यंदाचे डिंकाचे लाडू पाठवले. त्यातले चार मामांकडे गेले. काचेवरची ती अर्धवर्तुळाकार रेघ मात्र गेली नाही. घासून काढू गेले, तर तेवढ्या जागी काचेतून रस्ता वाकडा दिसू लागेल, असे कारागीर म्हणाला. आणि नवी काच घ्यायची, तर माझ्या गाडीची किंमत पाहता ते परवडणारे नाही. म्हणून ती आहे तशीच ठेवली आहे. एरवी ती दिसतही नाही. पण थंडीच्या सकाळी, सात पन्नासच्या तासाला जाताना, समोरून तिरपे ऊन आले, की ती एकदम लखलखते. मी गाडीचा वेग कमी करतो, आणि रस्त्यावर कोणी सायकलवरून येत आहे का, ते नीट पाहतो.